न मिटणारा हिशेब

अमली पदार्थांच्या व्यसनातून आणि मारहाणीच्या नात्यातूनही बाहेर पडलेली बाई आपली गोष्ट सांगते, तेव्हा ऐकणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘मग आधीच का नाही निघालीस?’ कुणाला ती मनाने दुबळी वाटते, कुणाला वाटतं तिला त्यातच सुख मिळत असणार. कुणी तर ‘तिच्यावर करणी झाली असेल’ इथपर्यंत जातं. मला या प्रश्नाचा फार त्रास होतो, कारण मेंदूविज्ञानाने त्याच्या उत्तराचा मोठा भाग शोधलेला आहे. त्या उत्तरात करणी तर नाहीच, पण सुखही जवळपास नाही. आहे ती एक वजाबाकी.

आपल्या मध्यमेंदूत डोपामिन सोडणाऱ्या चेतापेशींचा एक छोटासा समूह असतो. डोपामिनला ‘आनंदाचं रसायन’ म्हणायची पद्धत पडली आहे, पण वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेले प्रयोग वेगळंच सांगतात. बारीक इलेक्ट्रोड लावून ते एकेका पेशीचे विद्युत ठोके टिपत होते. माकडाच्या तोंडात अचानक फळाच्या रसाचा थेंब पडला की पेशी उसळायच्या. मग रसाच्या आधी दरवेळी एक खूण दाखवायला सुरुवात केली. माकड ते शिकल्यावर पेशी खूण दिसताच उसळू लागल्या आणि रस आला तेव्हा मात्र शांत राहिल्या. रस तोच होता, गोडीही तीच. आणि खूण दाखवून रस दिलाच नाही, तर तो यायला हवा होता नेमक्या त्याच क्षणी पेशींचे एरवीचे संथ ठोकेसुद्धा थांबले.

म्हणजे या पेशी रस मोजतच नव्हत्या. त्या सांगत होत्या: मिळालेलं वजा अपेक्षित. उत्तर अधिक आलं, तर आत्ता जे केलंस ते पक्कं कर. उणे आलं, तर सैल कर. शून्य आलं, तर शिकण्यासारखं काही उरलं नाही. 1997 मध्ये शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी हे गणितात मांडलं. मेंदूतल्या पेशी वजाबाकी करतात, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ ते पान उलटलंच नव्हतं.

नेहमीच्या आयुष्यात हा हिशेब आपोआप मिटतो. चांगली गोष्ट सवयीची होते, अपेक्षा तिच्या बरोबरीला येते, वजाबाकी शून्यावर येते. अमली पदार्थ नेमकं हेच होऊ देत नाहीत. सोडलेलं डोपामिन परत पेशीत उचलून नेणारा जो पंप असतो, तो कोकेन अडवतं. डोपामिन पेशींना लगाम घालणाऱ्या दुसऱ्या पेशी असतात, त्यांना हेरॉइन गप्प करतं. वाट कुठलीही असो, अपेक्षा कितीही वाढली तरी डोपामिन वर जातंच. 2004 मध्ये डेव्हिड रेडिश यांनी संगणकी प्रतिमानातून दाखवलं की अशा वेळी वजाबाकी शून्याला येतच नाही, आणि प्रत्येक डोसावर ‘अपेक्षेपेक्षा जास्त’ असा शिक्का बसत राहतो. ‘आता मजा काहीच येत नाही, तरी हात तिकडेच जातो’ असं व्यसनी माणूस सांगतो, ते म्हणूनच खरं असतं.

मारहाणीच्या नात्यात असं कुठलं रसायन बाहेरून येत नाही. तिथे शून्य गाठू देत नाही ती अनिश्चितता. आज मार, उद्या रडून माफी, परवा अपार माया, आणि यातलं कधी काय येईल याचा अंदाज नाही. कालच्या माराने अपेक्षा तळाला गेलेली असते, म्हणून आजचा एक साधा प्रेमाचा शब्दही वजाबाकीत मोठा अधिक ठरतो. 2003 मध्ये शुल्ट्झ यांच्याच गटाने खुणेनंतर रस मिळण्याची शक्यता कमीजास्त करून पाहिली. खूण आणि रस यांच्यामधल्या काळात डोपामिन पेशींचे ठोके हळूहळू चढत जातात, आणि हा चढ सर्वांत जास्त होता तो शक्यता निम्मी-निम्मी, म्हणजे अंदाज बांधणं सर्वांत अवघड असताना.

माकडाच्या रसावरून माणसाच्या घरावर थेट उडी मारू नये, हे मान्य. पण डोनाल्ड डटन आणि सुझन पेंटर यांनी 1993 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा नात्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या 75 स्त्रिया होत्या. ज्यांना वागणूक सर्वांत लहरी मिळाली होती, त्यांची मारणाऱ्याकडची ओढ जास्त टिकली होती. सहा महिन्यांनंतरही एकूण ओढ साधारण चौथ्या हिश्शानेच कमी झाली होती. शिवाय पैसा, मुलं आणि धमक्या असतातच. घर सोडण्याच्या सुमारास जिवाचा धोका वाढतो, त्यामुळे थांबणं ही पुष्कळदा अचूक पारख असते. आणि या सगळ्या गणिताने मारणाऱ्याची जबाबदारी कणभरही कमी होत नाही.

मग सुटका कशी होते? सध्या ‘डोपामिन उपवास’ नावाचं एक खूळ फिरतं आहे: चार दिवस फोन आणि करमणूक बंद, की मेंदू कोरा. मेंदूला असं पुसण्याचं बटण नाही. जुना धडा खोडला जात नाही, त्याच्यावर नवा चढतो, आणि हा नवा धडा ज्या जागी शिकला त्या जागेला फार चिकटून असतो. जुन्या जागेत जुना धडा डोकं वर काढतो. ली रॉबिन्स यांनी व्हिएतनाममधून परतलेल्या अमेरिकी सैनिकांचा माग काढला. तिथे हेरॉइनच्या आहारी गेलेल्यांपैकी परतल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकले ते 5 टक्क्यांच्या आसपास. त्यांची अख्खी जागाच बदलली होती.

याच ठिकाणी एक जीवघेणा धोका आहे. अमली पदार्थ सोसण्याची शरीराची सहनशक्तीसुद्धा जागेशी बांधलेली असते. शेपर्ड सीगल यांनी 1982 मध्ये हेरॉइनची सवय झालेल्या उंदरांना एक मोठा डोस दिला. नेहमीच्या खोलीत 32 टक्के मेले, नव्या खोलीत 64 टक्के. शिवाय काही आठवडे बंद ठेवल्यावर सहनशक्ती मुळातच उतरते. त्यामुळे सुटलेल्या माणसाचा पाय एकदा घसरला, तर ‘पूर्वीइतकाच’ डोस प्राण घेऊ शकतो. नालोक्सोन हे औषध हेरॉइनसारख्या पदार्थांचा परिणाम काही मिनिटांत उलटवतं. घरच्यांना ते माहीत असायलाच हवं. दारू मात्र एकट्याने, अचानक बंद करू नये. झटके येऊन जीव जाऊ शकतो, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावं.

शेवटी मार्को व्हेनिरो आणि सहकाऱ्यांचा 2018 चा प्रयोग. हेरॉइन किंवा मेथॅम्फेटामिनची सवय लागलेल्या उंदरांसमोर दोन दांडे होते. एक दाबला की अमली पदार्थ, दुसरा दाबला की दार उघडून दुसऱ्या उंदराची सोबत. उंदीर पुन्हा पुन्हा सोबतच निवडत राहिले. ही निवड उलटली ती दोनच प्रसंगी: दार उशिरा उघडू लागलं तेव्हा, आणि सोबतीबरोबर विजेचा झटका मिळू लागला तेव्हा.