वकिली शिस्तपालन (ग्रामीण विदर्भ)

वकिली शिस्तपालन : वकिलाच्या व्यावसायिक गैरवर्तनाची चौकशी करून शिक्षा देणारी वैधानिक व्यवस्था. सध्या ती अधिवक्ता अधिनियम, १९६१ वर उभी आहे. प्रस्तुत नोंद विदर्भातील तालुका न्यायालयांपुरती आहे.

या व्यवस्थेचा आरंभ सामान्यतः इंडियन बार कौन्सिल्स अ‍ॅक्ट, १९२६ पासून मानतात. तथापि त्या कायद्यात नावानिशी आलेली उच्च न्यायालये कलकत्ता, मद्रास, मुंबई, अलाहाबाद, पाटणा व रंगून येथील होती. नागपुरात तेव्हा ज्युडिशियल कमिशनरचे न्यायालय होते. उच्च न्यायालय आले १९३६ साली. म्हणून विदर्भापुरती सुरुवात लीगल प्रॅक्टिशनर्स अ‍ॅक्ट, १८७९ पासून धरणे अधिक सयुक्तिक दिसते. हा कायदा मूळ मजकुरातच मध्य प्रांतास लागू होता आणि प्लीडर व मुखत्यार या खालच्या दर्जाच्या विधिव्यावसायिकांना निलंबित वा बडतर्फ करण्याचा अधिकार त्याने वरिष्ठ न्यायालयाला दिला होता. वऱ्हाडची गोष्ट निराळी. १८५३ च्या तहाने तो मुलूख इंग्रजांच्या ताब्यात आला, पण सार्वभौमत्व निजामाचेच राहिले. परिणामी ब्रिटिश कायदे तेथे अधिसूचना काढून लागू करावे लागत. १९०३ मध्ये वऱ्हाडचे प्रशासन मध्य प्रांताला जोडल्यावरही हा पेच सुटला नाही. तेव्हा अमरावती-अकोल्याच्या जुन्या सनदांना नागपूरचा न्याय सरसकट लावता येत नाही.

१८७९ च्या कायद्यातील दलालांविषयीचे कलम ३६ हे १९६१ नंतरही टिकून होते. २०२३ च्या दुरुस्तीने तो कायदा रद्द झाला आणि ही तरतूद अधिवक्ता अधिनियमात कलम ४५-अ म्हणून आली. तहसील कचेरीसमोर अर्जनवीसाच्या टेबलाशी पक्षकाराला गाठून ‘आपल्या वकिलाकडे’ नेणारा माणूस, तो हाच दलाल.

विदर्भात गोसीखुर्दसारखे प्रकल्प आणि वर्धा खोऱ्यातील कोळसा खाणी यांमुळे भूसंपादनाचे दावे पुष्कळ. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांनुसार फी निकालावर अवलंबून ठेवता येत नाही, तसेच मिळणाऱ्या रकमेत वाटाही ठरवता येत नाही. म्हणजे वाढीव मोबदल्यावर टक्केवारी बोलणे हा नियमभंगच, मग पक्षकाराने कोऱ्या कागदावर राजीखुशीने अंगठा दिलेला असो. फी थकली तरी वकिलाला पक्षकाराची कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा निर्णय आहे. सातबारा आणि निवाड्याची नक्कल वकिलाच्या मुंशीकडे (कारकुनाकडे) अडकलेल्या शेतकऱ्याला तो फारसा ठाऊक नसतो.

तक्रार महाराष्ट्र व गोवा विधिज्ञ परिषदेकडे मुंबईला जाते. शिस्तपालन समिती तिघांची असते : परिषदेने निवडलेले तिचे दोन सदस्य आणि परिषदेबाहेरून स्वीकृत केलेला, किमान दहा वर्षे वकिली झालेला एक वकील. तिघांत ज्येष्ठ तो अध्यक्ष. परिषदेच्या निवडणुकीला सबंध राज्याची मतदारयादी असल्याने सिरोंचा किंवा मेळघाटाकडच्या वकिलाला, तालुका वकील संघाची पदे भूषवल्यावरही, स्वीकृत सदस्यत्वाचीच वाट त्यातल्या त्यात सोपी म्हणावी लागेल.

समिती ताकीद देऊ शकते, सनद निलंबित करू शकते किंवा नाव पटावरून काढू शकते. तक्रार एका वर्षात निकाली न निघाल्यास ती भारतीय विधिज्ञ परिषदेकडे वर्ग होते. राज्य समितीच्या आदेशावर साठ दिवसांत त्याच परिषदेकडे आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात अपील चालते. वकिलाच्या सेवेतील उणिवेसाठी ग्राहक आयोगाकडे जाण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये बंद केला.