मॉडेलमधला कॅमेरा आणि मसुरीएवढं भोक

स्केचअप या इमारतींची थ्रीडी मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये पोझिशन कॅमेरा हे टूल घेऊन जमिनीवर क्लिक केलं की आपली नजर तिथून साडेपाच फूट उंचीवर जाऊन थांबते. बहुतेक जण हा आकडा न बदलता पुढे जातात. त्यामागची वहिवाट मात्र सहाशे वर्षांची आहे.

पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्लॉरेन्समध्ये वास्तुकार फिलिप्पो ब्रुनेलेस्कीने एका लहान फळीवर बॅप्टिस्टरीचं, म्हणजे बाप्तिस्म्यासाठी बांधलेल्या इमारतीचं, चित्र काढलं. जागा ठरलेली होती : समोरच्या कॅथेड्रलच्या दारात, उंबऱ्याच्या थोडं आत. मग त्याने फळीला मसुरीच्या दाण्याएवढं भोक पाडलं. बघणाऱ्याने मागून त्या भोकाला डोळा लावायचा, पुढे आरसा धरायचा आणि चित्र आरशात बघायचं. आकाशाच्या जागी घासून लखलखीत केलेली चांदी होती, त्यामुळे त्यात खरे ढग सरकताना दिसत. कॅमेरा व्ह्यूचा, म्हणजे एका ठरावीक जागेवरून दिसणाऱ्या दृश्याचा, जन्म मी इथेच मानते. त्या भोकाने डोळ्याची जागा पक्की केली.

1435 मध्ये लिओन बत्तिस्ता अल्बेर्ती या विद्वानाने याचे, म्हणजे पर्स्पेक्टिव्हचे (लांबचं लहान दिसेल असं चित्र काढण्याचे), नियम लिहून काढले. रेषा जिथे जाऊन मिळतात तो मधला बिंदू चित्रातल्या उभ्या माणसाच्या उंचीपेक्षा वर नसावा, असं त्याने सांगितलं. मग बघणारा आणि चित्रातली माणसं एकाच जमिनीवर उभी असल्यासारखी वाटतात. आपले साडेपाच फूट याच विचाराशी जुळतात.

फोटोग्राफी आल्यावर वेगळीच अडचण उभी राहिली. उंच इमारत मावावी म्हणून कॅमेरा वर कलवला की भिंती माथ्याकडे एकमेकींवर झुकतात. भात्याच्या कॅमेऱ्यात त्यावर उपाय होता : मागची प्लेट ओळंब्यात ठेवायची आणि पुढची लेन्स तेवढी वर सरकवायची. पुढे लहान कॅमेऱ्यांसाठी अशा सरकवता येणाऱ्या शिफ्ट लेन्स आल्या, त्याही याच तत्त्वावर. आज आपण टू-पॉइंट पर्स्पेक्टिव्ह निवडतो आणि उभ्या रेषा सरळ होतात, ते हेच काम. म्हणूनच स्केचअपमध्ये या व्ह्यूत पॅन (दृश्य बाजूला किंवा वर-खाली सरकवणं) चालतं, पण ऑर्बिट (मॉडेलभोवती फिरणं) केलं की तो मोडतो.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर पर्स्पेक्टिव्ह 1963 मध्ये आलं. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत टिमोथी जॉन्सनच्या स्केचपॅड थ्री या ड्रॉइंगच्या प्रोग्रॅमने पडद्याचे चार भाग केले : वरून, समोरून, बाजूने आणि पर्स्पेक्टिव्ह. आजही कित्येक सॉफ्टवेअरमध्ये हीच चौकट दिसते.

आर्किटेक्टच्या टेबलावरचा मोठा टप्पा म्हणजे ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरच्या 1988 च्या रिलीज 10 मधली डीव्ह्यू कमांड. त्यात कॅमेरा आणि टार्गेट असे दोन बिंदू द्यायचे. डिस्टन्स दिलं की पर्स्पेक्टिव्ह सुरू व्हायचं, आणि मग झूम चक्क लेन्सची लांबी विचारायचं, 50 मिलिमीटर धरून. मशीन इतकी संथ होती की अख्खं मॉडेल फिरवणं जड जायचं. काहीच सिलेक्ट न करता एंटर मारला तर पडद्यावर एक चिमुकलं घर यायचं, एक खिडकी आणि उघडं दार असलेलं. ते फिरवून दिशा ठरवायची, मग आपलं ड्रॉइंग त्या दिशेने उभं राहायचं. मला ते घर अजून आवडतं.

लेन्सच्या आकड्याबद्दल मात्र मी हट्टी आहे. 50 मिलिमीटरला आडवा कोन साधारण 40 अंशांचा मिळतो. 12 फुटांवरून बघितलं तर भिंतीचे पावणेनऊ फूटच दिसतात, म्हणजे दहा फुटी भिंतसुद्धा मावत नाही. म्हणून सगळे 24 मिलिमीटरकडे वळतात. तिथे 74 अंश आणि 18 फूट. सुरुवातीच्या काळात मीही असाच एक बेडरूम दाखवला होता. ताबा मिळाल्यावर त्या घरातल्या काकू दारात थांबून एवढंच म्हणाल्या, "चित्रात मोठी होती हो." तेव्हापासून मी खोलीच्या आतल्या व्ह्यूसाठी कॅमेरा भिंतीबाहेर नेते आणि मधली भिंत क्लिप करते, म्हणजे दृश्यातून कापून टाकते. ही सोयही डीव्ह्यूमध्ये रिलीज 10 पासूनच होती.

उंचीचंही तसंच. देवघरासमोर पाटावर बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून जेमतेम अडीच फुटांवर असते. तिथे कॅमेरा ठेवल्यावर मी लगेच अडीच फूट टाइप करते. उभ्याने जो कोनाडा अगदी खाली वाटतो, तो तेव्हा बरोबर डोळ्यांसमोर येतो.