खेळाडूंच्या पोशाखावरील धार्मिक व राजकीय संदेश

व्यावसायिक खेळात मैदानात उतरलेल्या खेळाडूने जर्सी, बूट, ग्लोव्हज, मनगटी पट्टा किंवा दंडावरची फीत यांवर श्रद्धा वा राजकीय भूमिका दर्शवणारा मजकूर, चिन्ह किंवा रंग धारण करणे. श्रद्धेमुळे अंगावर असणारे वस्त्र आणि इतरांनी वाचावे म्हणून लिहिलेला मजकूर या दोन गोष्टी नियम वेगळ्या मानतात, आणि हा भेद मुळात योग्यच आहे. फुटबॉलने 2014 मध्ये पगडी व हिजाबला मान्यता दिली; त्याच वर्षी जर्सीच्या आतल्या बनियनवरील घोषणा मात्र पूर्णपणे वर्ज्य ठरल्या. त्याआधी 1997 मध्ये लिव्हरपूलच्या रॉबी फाउलरने गोल केल्यावर जर्सी वर उचलून, कामावरून काढलेल्या गोदी कामगारांच्या पाठिंब्याचा टी-शर्ट दाखवला, तेव्हा युरोपीय फुटबॉल महासंघाने त्याला 2,000 स्विस फ्रँकचा दंड केला होता.

भारतीय क्रिकेटमध्ये हा प्रश्न पोशाखावरील अक्षरांच्या आधी संघांच्या नावांतून आला. मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन व इतर असे संघ असत, म्हणजे खेळाडू कोणत्या धर्माचा हे संघाच्या नावातच लिहिलेले असे. महात्मा गांधींनी 1940 मध्ये या सामन्यांना विरोध केला आणि 1946 मध्ये ते बंद पडले. सांगलीत जन्मलेले आणि पुढे बडोद्याचे झालेले विजय हजारे ख्रिस्ती असल्याने ‘इतर’ संघाकडून खेळत. 1943-44 च्या मोसमात हिंदू संघाविरुद्ध ‘इतर’ संघाच्या एका डावातील 387 धावांपैकी 309 एकट्या हजारेंच्या होत्या. संस्थानी संघांत मात्र ही विभागणी नव्हती. मार्च 1947 मध्ये, फाळणी तोंडावर आलेली असताना, बडोद्यात झालेल्या रणजी अंतिम सामन्यात हजारे (288) आणि गुल महंमद (319) यांनी एकाच बडोदा संघाकडून होळकर संघाविरुद्ध चौथ्या जोडीसाठी 577 धावा जोडल्या. समोरच्या संघाचे कर्णधार सी. के. नायडू पूर्वी हिंदू संघाकडून खेळलेले होते. गुल महंमद पुढे पाकिस्तानकडून एक कसोटी खेळले. पोशाखावर एकही अक्षर नसताना त्या भागीदारीने जे सांगितले, ते बडोदेकरांना आजही मोलाचे वाटावे.

आजच्या आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये, आणि म्हणून 22 डिसेंबर 2024 रोजी पहिला महिला एकदिवसीय सामना झालेल्या बडोद्याच्या कोटंबी मैदानावरही, आयसीसीचे पोशाख नियम लागू असतात. वैयक्तिक संदेशासाठी आपले मंडळ व आयसीसी या दोघांचीही पूर्वपरवानगी लागते आणि राजकीय, धार्मिक वा वांशिक कारणांसाठी ती मिळत नाही. अडचण ‘राजकीय’ या शब्दाच्या अर्थापाशी येते. साउदॅम्प्टन येथे 2014 मध्ये भारताविरुद्धच्या कसोटीत मोईन अलीने ‘गाझा वाचवा’ असा मनगटी पट्टा घातला. इंग्लंडच्या मंडळाने तो मानवतेचा संदेश मानला, सामनाधिकारी डेव्हिड बून यांनी मात्र तो पुन्हा न घालण्याची ताकीद दिली. त्याच शहरात 2019 च्या विश्वचषकात महेंद्रसिंग धोनीच्या ग्लोव्हजवर लष्कराच्या पॅरा दलाचे, पंख असलेल्या कट्यारीचे चिन्ह दिसले, तेव्हा ते राहू देण्याची बीसीसीआयची विनंती आयसीसीने फेटाळली. त्याच्या तीन महिने आधी रांचीत पुलवामातील जवानांच्या स्मरणार्थ भारतीय संघाने घातलेल्या लष्करी टोप्यांना मात्र परवानगी होती, कारण ती आधी मागितली होती आणि तिच्याशी निधिसंकलन जोडलेले होते. दोन्ही निर्णय नियमाच्या चौकटीत बसतात; तरी प्रेक्षकाला त्यांतला फरक सहज उमगत नाही, हा या नियमाचा खरा दोष म्हणावा लागेल.

याच दोषाची झळ डिसेंबर 2023 मध्ये ऑस्ट्रेलियाचा फलंदाज उस्मान ख्वाजाला लागली. पर्थ कसोटीसाठी त्याने गाझातील लोकांच्या संदर्भात बुटांवर ‘सर्व जीव समान आहेत’ आणि ‘स्वातंत्र्य हा मानवी हक्क आहे’ ही वाक्ये लिहिली होती. परवानगी न मिळाल्याने अक्षरांवर चिकटपट्टी लावून तो खेळायला उतरला आणि दंडावर विनापरवाना काळी फीत बांधल्याबद्दल त्याला ताकीद मिळाली. मेलबर्न कसोटीपूर्वी त्याने मागितलेले कबुतराचे चिन्हही नाकारले गेले. त्या सामन्यात त्याच्या बुटांवर फक्त त्याच्या मुलींची नावे होती.