जुन्या जीएम गाड्यांचा डेटालॉग: कारखान्यातल्या तपासणीपासून ट्यूनिंगच्या टेबलापर्यंत

जुन्या गाडीचा ईसीएम (इंजिन चालवणारा संगणक) ट्यून करताना हाती येणारा डेटा मुळात ट्यूनिंगसाठी निर्माण झालेलाच नव्हता. जनरल मोटर्सने 1981 च्या मॉडेलपासून आपल्या अमेरिकी गाड्यांत ‘कॉम्प्युटर कमांड कंट्रोल’ ही प्रणाली सर्रास बसवली. तिच्यासोबत आलेली एएलडीएल (असेंब्ली लाइन डायग्नोस्टिक लिंक) ही जोडणी असेंब्ली लाइनवरून उतरणारी गाडी तपासण्यासाठी होती, आणि पुढे डीलरच्या मेकॅनिकला बिघडलेला सेन्सर शोधण्यासाठी. शीतक गरम होतंय का, थ्रॉटल सेन्सर हलतोय का, एवढं कळलं की तिचं काम झालं. इंधनाचं टेबल (वेग आणि भारानुसार किती इंधन द्यायचं याचा तक्ता) दोन-तीन टक्क्यांनी सुधारायला तीच माहिती वापरायची असेल, तर आधी ती माहितीच तपासावी लागते.

या जोडणीचा सुरुवातीचा वेग होता 160 बॉड (सेकंदाला 160 बिट). 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या शेवरले आणि जीएमसी ट्रकमधला 1227747 हा टीबीआय (थ्रॉटल बॉडी इंजेक्शन) ईसीएम याच वेगाने बोलतो. त्याची एक फ्रेम (एका वेळी पाठवलेला आकड्यांचा संच, लॉगमधली एक ओळ) 20 बाइटची. स्टार्ट बिट धरून प्रत्येक बाइटला 9 बिट, शिवाय सुरुवातीचा 9 बिटचा सिंक, म्हणजे एकूण 189 बिट. एक फ्रेम यायला जवळजवळ 1.2 सेकंद लागतात. 3000 आरपीएमला व्ही-8 इंजिनात सेकंदाला 200 वेळा स्पार्क पडतो. म्हणजे लॉगच्या दोन ओळींमध्ये सव्वादोनशेहून जास्त स्पार्क निसटून जातात. आरपीएमसुद्धा 25 च्या पायरीने येतो. अशा लॉगवरून अॅक्सिलरेटर झटक्यात दाबल्यावर येणारा अडखळा सोडवायला जाणं व्यर्थ आहे. एका वेगावर, एका भारावर गाडी किमान 10 ते 15 सेकंद स्थिर चालवली, तरच टेबलातल्या त्या सेलची (चौकटीची) नोंद धरण्यासारखी असते.

या 160 बॉडच्या फ्रेमला चेकसम (फ्रेम बरोबर पोहोचली का ते तपासणारा बाइट) नाही. इग्निशनच्या वायरीजवळून नेलेली केबल किंवा खराब अर्थ एखादा बिट उलटा करते आणि शीतकाचं तापमान एका ओळीपुरतं 40 अंशांनी उडी मारतं. यावर सोपी तपासणी आहे. फ्रेमच्या सुरुवातीला प्रॉम आयडीचे (ट्यूनिंग साठवलेल्या चिपच्या ओळख-क्रमांकाचे) दोन बाइट येतात. चिप बदललेली नाही, तर तो आकडा प्रत्येक ओळीत तोच असायला हवा. ज्या ओळीत तो बदललेला दिसेल ती ओळ काढून टाकायची. अशा ओळी वारंवार येत असतील तर अख्खा लॉग टाकून द्यायचा आणि केबल बघायची. आणखी एक गोष्ट: 12 पिनांच्या कनेक्टरवर ए आणि बी या पिनांमध्ये 10 किलोओहमचा रेझिस्टर जोडला की काही ईसीएम तपासणीच्या मोडमध्ये जाऊन आयडल मुद्दाम वाढवतात. त्या स्थितीत घेतलेल्या आयडलच्या नोंदी ट्यूनिंगला चालत नाहीत.

1986 ते 1989 च्या टीपीआय (ट्यून्ड पोर्ट इंजेक्शन) कॅमारो, फायरबर्ड आणि कॉर्व्हेटमध्ये 1227165 आला आणि वेग 8192 बॉड झाला. फ्रेम साठ-पासष्ट बाइटची असूनही सेकंदाला दहाच्या आसपास ओळी मिळू लागल्या, सोबत चेकसमही. इथून घरच्या घरी चिप जाळून (तिच्यात नवी टेबलं लिहून) ट्यूनिंग करण्याला खरा आधार मिळाला. मात्र या ईसीएमची एक मर्यादा लॉग वाचणाऱ्याला ठाऊक हवीच. हवेचं मोजमाप 255 ग्रॅम प्रति सेकंदावर थांबतं. मोठा कॅम किंवा सुधारित हेड बसवलेलं इंजिन त्याहून जास्त हवा ओढत असेल, तरी लॉगमध्ये सरळ 255 ची रेघ दिसते. त्या रेघेला सेन्सरचं खरं रीडिंग मानून टेबल बदललं, तर भर वेगात मिश्रण लीन (हवेच्या मानाने इंधन कमी) होऊ शकतं आणि पिस्टन धोक्यात येतात.

1990 मध्ये या गाड्यांतून एअरफ्लो मीटर गेला आणि कॅमारो-फायरबर्डमधला 1227730 स्पीड-डेन्सिटी पद्धतीने चालू लागला. ईसीएम आता हवा मोजत नाही; एमएपीचा (इनटेक मॅनिफोल्डमधल्या दाबाच्या सेन्सरचा) दाब, आरपीएम, हवेचं तापमान आणि व्हीई टेबल (सिलिंडर हवेने किती भरतात याचा तक्ता) यांवरून तिचा अंदाज बांधतो. म्हणून सेन्सर चुकला की गणितही चुकतं. आमच्या मते जुन्या गाड्यांच्या ट्यूनिंगमध्ये सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो याच ठिकाणी, कारण लोक इंजिन चालू करून थेट बीएलएम (ब्लॉक लर्न मल्टिप्लायर, म्हणजे ईसीएमने शिकून साठवलेली इंधनाची दुरुस्ती) बघायला लागतात.

त्याआधी, रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीची फक्त चावी चालू करून एक मिनिट लॉग घ्यावा. एमएपीने वातावरणाचा दाब दाखवायला हवा: समुद्रसपाटीला 100-101 किलोपास्कल, पुण्याच्या उंचीवर 95 च्या आसपास. शीतक आणि आत येणारी हवा यांची तापमानं दोन-तीन अंशांच्या फरकाने जुळायला हवीत. थ्रॉटल सावकाश दाबला की टीपीएसचा (थ्रॉटल सेन्सरचा) व्होल्टेज अर्ध्या व्होल्टच्या आसपासपासून अखंड चढायला हवा. मधेच खड्डा दिसला तर सेन्सरची पट्टी झिजलेली आहे. सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्याच ईसीएमची डेफिनिशन फाइल (कोणता बाइट कशाचा हे सांगणारी) लागली असेल, तर तीही इथेच उघडी पडते.

मग बीएलएम. 128 म्हणजे दुरुस्ती शून्य. 140 असेल तर 140 भागिले 128, म्हणजे ईसीएम 9 टक्के जास्त इंधन घालतोय. पण बॅटरी काढली की सगळे सेल 128 वर परततात, म्हणून सगळीकडे 128 दिसणारा लॉग उत्तम ट्यूनिंगचा किंवा नुकत्याच पुसलेल्या मेमरीचा असू शकतो. शीतक 80 अंशांच्या वर, क्लोज्ड लूप (ऑक्सिजन सेन्सर बघून इंधन दुरुस्त करणं) चालू, शिकण्याचा फ्लॅग चालू आणि इंटिग्रेटर (त्या क्षणापुरती दुरुस्ती) 128 च्या जवळ, एवढं जुळलेल्या ओळीच मोजाव्यात. उतारावरचा इंधनकाप आणि थ्रॉटल हलत असतानाच्या ओळी वगळाव्यात. एग्झॉस्टला ऑक्सिजन सेन्सरच्या आधी गळती असेल तर आयडलला बाहेरची हवा आत ओढली जाते आणि रीडिंग खोटं लीन येतं. मिसफायरमध्येही न जळलेल्या ऑक्सिजनमुळे तेच होतं. तिथे इंधन वाढवून काही सुटत नाही.

नॉकचा (इंजिनातल्या ठोक्यांचा) आकडा हा 255 नंतर पुन्हा शून्यावर येणारा मोजक असतो, त्यामुळे बघायचा तो दोन ओळींमधला फरक. पूर्ण थ्रॉटलला क्लोज्ड लूप बंद असतो, तिथे बीएलएम काही सांगत नाही आणि 0.45 व्होल्टच्या आजूबाजूला उलटसुलट होणारा मूळ ऑक्सिजन सेन्सर रिच (इंधन जास्त) की लीन एवढंच सांगतो, किती ते नाही. तिथे किती ते मोजणारा वाइडबँड सेन्सर लागतो, आणि तोही धूर त्याच्यापर्यंत पोहोचण्याच्या विलंबाने मागे असतो.

1996 पासून अमेरिकेत ओबीडी-2 (गाडीच्या निदानाची समान पद्धत) सक्तीचं झालं. त्यात सर्वसाधारण पद्धतीने लॉग घेताना प्रत्येक मूल्य वेगळं विचारावं लागतं. चॅनेल (नोंदवायची मूल्यं) दुप्पट केले की प्रत्येकाचा वेग निम्मा होतो आणि एकाच ओळीतले आकडे निरनिराळ्या क्षणांचे असतात. व्हीईच्या कामाला आरपीएम, एमएपी, टीपीएस, शीतक आणि दोन्ही इंधन-ट्रिम (इंधनाच्या दुरुस्त्या) पुरेत. स्पार्क आणि नॉकसाठी वेगळा लॉग घ्यावा.