पेजमेकर अजून का सुटत नाही?

मराठी पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर प्रकाशक, मुद्रक, मुखपृष्ठकार यांच्या रांगेत ‘अक्षरजुळणी’ अशी एक नोंद असते. तिथे ज्याचं नाव छापलेलं असतं त्याने छपाईचा शिशाचा खिळा बहुधा हातातही धरलेला नसतो. तो संगणकावर पानं लावतो, आणि बऱ्याच डीटीपी सेंटरांत आजही ती पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये लावतो. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती आली २००१ साली. तेव्हाचा मोबाइल आज कोणी खिशात ठेवत नाही, मग हे सॉफ्टवेअर कसं टिकलं? त्यासाठी जरा मागे जावं लागतं.

खिळ्यांच्या काळात जुळारी डाव्या हातात ओळ जुळवायची पट्टी, म्हणजे स्टिक, धरून खणांच्या पेटीतून, म्हणजे केसमधून, एकेक खिळा उचलायचा. फर्मा, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचा संच, छापून झाला की ओळी मोडून खिळे परत आपापल्या खणात टाकायचे. पुढे फोटोटाइपसेटिंग, म्हणजे प्रकाशाने अक्षरं उमटवणं, आलं आणि मजकूर ब्रोमाइडच्या, म्हणजे फोटोच्या कागदाच्या, लांब पट्ट्यांवर मिळू लागला. पण पान मात्र हातानेच व्हायचं: पट्ट्या कापा, डिंक लावा, पट्टीने सरळ करून चिकटवा. प्रूफात एक शब्द चुकला तर तेवढा शब्द कापून त्यावर डकवायचा. वाळल्यावर तो कधी कधी गळूनही पडायचा.

याच काळात, १९७७ मध्ये, डोनाल्ड कनूथ या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाला स्वतःच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची फोटोटाइपसेटिंगची प्रूफं आली आणि ती बघून त्याचं डोकं फिरलं. गणिताची पानं इतकी कुरूप छापायची नाहीत म्हणून त्याने स्वतःच टेक नावाची प्रणाली लिहायला घेतली. गणित-विज्ञानाच्या नियतकालिकांत ती आजही आहे. पण ती आज्ञा लिहून चालवायची. छापखान्यातल्या माणसाला पान डोळ्यांसमोर दिसायला हवं होतं.

ते दिसलं १९८५ साली, आणि त्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागल्या. ॲपलचा मॅकिंटॉश संगणक आदल्या वर्षी आलाच होता; त्याच्या पडद्यावर अक्षरं चित्रासारखी उमटत. दुसरी गोष्ट पोस्टस्क्रिप्ट, म्हणजे प्रिंटरला पानाचं वर्णन सांगणारी भाषा. झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रातून बाहेर पडून जॉन वॉरनॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी १९८२ मध्ये काढलेल्या अडोबीची ही निर्मिती. अक्षर ठिपक्यांत न साठवता वक्ररेषांत साठवायचं, म्हणजे तेच पान टेबलावरच्या, इंचाला तीनशे ठिपके काढणाऱ्या लेझर प्रिंटरवर तपासता येतं आणि छपाईसाठी महागड्या टाइपसेटरवर बारीक काढता येतं. त्या काळच्या ॲपलच्या लेझररायटरमधला प्रोसेसर खुद्द मॅकपेक्षा वेगवान होता. एवढं गणित त्याला करावं लागे.

तिसरी गोष्ट पेजमेकर. पॉल ब्रेनर्ड वर्तमानपत्रांसाठी जुळणीची यंत्रणा बनवणाऱ्या कंपनीत काम करून आलेला. त्याने सिॲटलमध्ये आल्डस ही कंपनी काढली. नाव घेतलं व्हेनिसच्या आल्डस मानुशियसचं, इटॅलिक, म्हणजे तिरपा टाइप पहिल्यांदा वापरणाऱ्या मुद्रकाचं. ‘डेस्कटॉप पब्लिशिंग’ हा शब्दप्रयोगही ब्रेनर्डच्याच नावावर आहे. आपण त्याचं डीटीपी केलं आणि गल्लीगल्लीत पाट्या लागल्या.

तिकडची पुढची गोष्ट झटपट सांगण्यासारखी आहे. १९८७ चं क्वार्कएक्स्प्रेस हे पानं लावायचं दुसरं सॉफ्टवेअर नव्वदच्या दशकात मासिकांच्या कचेऱ्यांत राजा झालं. हजार पानांच्या तांत्रिक पुस्तिका करणारे फ्रेममेकर या सॉफ्टवेअरकडे गेले. अडोबीने १९९३ मध्ये पीडीएफ आणलं, १९९४ मध्ये आल्डस आणि १९९५ मध्ये फ्रेममेकरची कंपनी घेतली आणि १९९९ मध्ये इनडिझाइन हे पानं लावायचं नवं सॉफ्टवेअर बाजारात सोडलं. पेजमेकरचा वारस ठरला होता. जगाने तो हळूहळू स्वीकारला. आपण अडकलो, आणि त्याचं कारण आळस नव्हे.

पेजमेकरला मराठी कधी आलीच नाही. त्या काळच्या फॉन्टमध्ये अक्षरं ठेवायला २५६ घरं असत, त्यातलीही सगळी वापरता येत नसत. देवनागरीची अर्धी अक्षरं, मात्रा, जोडाक्षरं एवढ्यात बसवायची म्हणून आपल्या लोकांनी युक्ती केली: अक्षराचे तुकडे केले. ‘ग’ साठी एका घरात त्याचा डावा भाग, दुसऱ्या घरात काना. ऱ्हस्व वेलांटी डावीकडे दिसते, म्हणून ती आधी टाइप करायची. रफार व्यंजनाच्या डोक्यावर असतो, म्हणून तो व्यंजनानंतर. खिळे जुळवण्याचाच हा प्रकार, फक्त खिळा शिशाऐवजी कळीवर आलेला. पेजमेकरला वाटायचं आपण इंग्रजीच मांडतोय. कागदावर उमटायचं अस्सल मराठी.

पुण्यात १९८८ मध्ये सुरू झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणकसंस्थेने भारतीय लिप्यांसाठीच्या जिस्ट तंत्रज्ञानातून, श्रीलिपी आणि आकृतीसारख्या पॅकेजांनी आपापल्या फॉन्टमधून हे काम फार देखणं करून दाखवलं. नव्वदच्या दशकापासूनची किती पुस्तकं, दिवाळी अंक, लग्नपत्रिका यावर उभ्या आहेत! अडचण एवढीच की प्रत्येकाची घरांची मांडणी निराळी. एकाची फाइल दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये उघडली की पानभर शिव्या दिल्यासारखी चिन्हं.

१९९१ मध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांच्या सामायिक यादीत, देवनागरीला स्वतःचे क्रमांक मिळाले. विंडोज २००० बरोबर र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला मंगल फॉन्ट आला आणि संगणकाला मराठी कळू लागली. पण पानं लावणाऱ्या सॉफ्टवेअरला कळली नाही. पेजमेकर तर थांबलेलंच, आणि इनडिझाइनने भारतीय लिप्या अधिकृतपणे हाताळायला सुरुवात केली ती २०१२ च्या सीएस६ मध्ये. मधल्या बारा वर्षांत डीटीपीवाल्याने काय करायचं होतं? त्याने जुनं चालू ठेवलं. हात त्या कळफलकाला बसले, फाइलींचे ढीग वाढले, सरकारी छपाईची कामंही त्याच साच्यात आली.

आता त्या फाइली युनिकोडमध्ये आणायच्या म्हटलं की खरा हिशेब सुरू होतो. जुन्या पद्धतीत ‘कार्य’ हे का, य आणि शेवटी रफार असं साठवलेलं असतं. युनिकोडला र आधी लागतो. फाइल युनिकोडमध्ये बदलून देणाऱ्या कन्व्हर्टरने तेवढी अदलाबदल केली नाही की ‘कार्य’चा ‘कायर्’ होतो आणि ‘सर्व’चा ‘सवर्’. जुन्या पीडीएफमधून मजकूर उचलून चिकटवलेला कोणीही हे बघितलेलं असतं. चांगले कन्व्हर्टर आहेत, पण चारशे पानांत तीस ठिकाणी काय हुकलं हे शोधायला चारशे पानं वाचावीच लागतात. म्हणून नवी आवृत्ती काढताना फाइल जवळ असूनही कित्येक प्रकाशक छापील पुस्तक ऑपरेटरसमोर ठेवतात आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा टाइप करून घेतात.