शेडी डील ॲट सनी एकर्स

‘मॅव्हरिक’ या अमेरिकन वेस्टर्न दूरचित्रवाणी मालिकेच्या दुसऱ्या हंगामातील एक भाग. एबीसी वाहिनीवर २३ नोव्हेंबर १९५८ रोजी प्रथम प्रसारित. निर्मिती वॉर्नर ब्रदर्सची, दिग्दर्शन लेस्ली एच. मार्टिन्सन यांचे, लेखन रॉय हगिन्स व डग्लस हेज यांच्या नावावर आहे. वेस्टर्न म्हटले की पिस्तुले आलीच, पण या भागाचा सगळा डोलारा फसवणुकीच्या एका डावावर उभा आहे.

पत्त्यांच्या डावात जिंकलेले १५,००० डॉलर ब्रेट मॅव्हरिक (जेम्स गार्नर) बँक बंद झाल्यावर बँकर जॉन बेट्स (जॉन डेनर) याच्याकडे ठेवायला देतो. दुसऱ्या दिवशी बेट्स सरळ कानावर हात ठेवतो. ब्रेट ना फिर्यादीच्या मागे लागतो, ना बंदुकीला हात घालतो. भर रस्त्यावरच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून तो लाकूड तासत बसतो आणि पैसे परत मिळवणार असल्याचे चारचौघांत सांगून टाकतो. येणाजाणारे खोचकपणे विचारतात, पैशाचे काय झाले? उत्तर ठरलेले : काम चालू आहे. इकडे त्याचा भाऊ बार्ट (जॅक केली) जुन्या ओळखीच्या ठकांची टोळी जमवून बेट्सभोवती शेअरचा सापळा रचत असतो. स्वस्तात घ्यायचे आणि धनाढ्य भासणाऱ्या गिऱ्हाइकाला चढ्या भावाने विकायचे, अशी चटक बेट्सला लावली जाते. शेवटी तो बँकेच्याच पैशाला हात घालतो आणि अडकतो.

हा डाव आला कुठून, यावर मतभेद आहेत. ‘द स्टिंग’ (१९७३) या सात ऑस्कर मिळवणाऱ्या चित्रपटाचा पूर्वार्ध आपल्या या भागावरून सुचला, असे हगिन्स यांनी उत्तरायुष्यातील एका ध्वनिचित्रित मुलाखतीत सांगितले. दुसरीकडे, भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड मॉरर यांनी ‘द बिग कॉन’ (१९४०) या आपल्या पुस्तकातून उचल केल्याचा आरोप ठेवून ‘द स्टिंग’च्या निर्मात्यांवर दावा लावला, १९७६ मध्ये तो न्यायालयाबाहेर मिटला. व्यावसायिक ठकांकडून प्रत्यक्ष ऐकलेल्या बोलीवर मॉरर यांचे पुस्तक आधारलेले आहे. मोठ्या फसवणुकीचे तीन मुख्य प्रकार त्यांनी नोंदवले आहेत. त्यांपैकी ‘वायर’ हा घोड्यांच्या शर्यतीचा निकाल तारेने आधीच कळल्याचे भासवून केला जातो, तर ‘रॅग’ हा शेअरच्या व्यवहारावर चालतो. दोन्हींत सावजाला आधी थोडा खरा नफा चाखू देतात. चित्रपटातला डाव ‘वायर’ आहे, या भागातला ‘रॅग’च्या जवळचा. तेव्हा थेट उसनवारीपेक्षा दोघांनी एकाच जुन्या साठ्यातून घेतले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र निरनिराळ्या कसबाचे ठक एका अन्यायाचा बदला घेण्यासाठी एकत्र येतात, ही जुळणी दोन्हीकडे आहे आणि हगिन्स यांचा दावा तेवढ्यापुरता अगदीच पोकळ म्हणता येत नाही.

कालविसंगतीचा मुद्दाही निघतो. बनावट दुकान थाटून सावजाला आत ओढण्याची रीत बेन मार्क्स या जुगाऱ्याने शायएन येथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू केली, असे परंपरेने मानतात. शेअरचा डाव मात्र बहुधा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घडीव झाला. मालिकेचा काळ स्थूलमानाने १८७० ते १८९० दरम्यानचा. म्हणजे मॅव्हरिक बंधू या धंद्यात जरा आधीच पोचलेले दिसतात. हगिन्स यांना याची फिकीर होती असे वाटत नाही.

श्रेयाच्या बाबतीत हगिन्स यांचे हात आधीच पोळलेले होते. मालिकेचा पहिला भाग (१९५७) वॉर्नरच्या मालकीच्या एका जुन्या पुस्तकावर आधारित दाखवला गेला, त्यामुळे मालिकेचे जनक म्हणून हगिन्स यांना मिळणारे मानधन स्टुडिओला द्यावे लागले नाही. पुढचा त्यांचा आग्रही सूर या पार्श्वभूमीवर वाचावा.

दोन नायकांची योजना मुळात वेळापत्रकाच्या अडचणीतून आली. एक भाग चित्रित व्हायला सुमारे ८ दिवस लागत आणि प्रसारण दर ७ दिवसांनी. म्हणून नोव्हेंबर १९५७ पासून जॅक केली बार्ट म्हणून आला व दोन तुकड्या समांतर काम करू लागल्या. दोघे भाऊ एकत्र असले की संहितेत ‘मॅव्हरिक १’ व ‘मॅव्हरिक २’ असे लिहीत आणि कोणती भूमिका घ्यायची हे ज्येष्ठतेमुळे गार्नर निवडत असे. येथे त्याच्या वाट्याला बसून राहण्याची भूमिका आली. धावपळ सारी केलीची असूनही लक्षात राहतो तो खुर्चीतला गार्नर. डावाचे मूळ कुठलेही असो, नायकाला जागचे हलू न देण्याची ही कल्पना मात्र या भागाची स्वतःची आहे.

मालिकेतील आवर्ती पात्रे येथे एकाच भागात भेटतात : डँडी जिम बकली (एफ्रेम झिम्बलिस्ट ज्युनिअर), जेंटलमन जॅक डार्बी (रिचर्ड लाँग), सामंथा क्रॉफर्ड (डायन ब्रूस्टर), सिंडी लू ब्राउन (आर्लिन हॉवेल) आणि पहिल्या भागापासून ओळखीचा बिग माइक मॅकोंब (लिओ गॉर्डन). झिम्बलिस्ट त्याच सुमारास ‘७७ सनसेट स्ट्रिप’ या हगिन्स यांच्याच नव्या मालिकेत नायक झाला होता. बकलीच्या धाटणीचा डार्बी आणला गेला तो त्यामुळेच. ब्रूस्टरची सामंथा यानंतर मालिकेत दिसली नाही. दुसरा हंगाम संपताच हगिन्स यांनी मालिका सोडली आणि १९६० मध्ये स्टुडिओशी झालेल्या कराराच्या वादातून गार्नरही बाहेर पडला. मालिका १९६२ पर्यंत चालली.