बोलकं घड्याळ कसं बोलायचं?

१ जुलै २०२२ रोजी फ्रान्समधलं फोनवर वेळ सांगणारं बोलकं घड्याळ बंद झालं. पॅरिस वेधशाळेनं ते १४ फेब्रुवारी १९३३ ला सुरू केलं, कारण वेळ विचारणाऱ्यांच्या फोनमुळे वेधशाळेची लाइन सतत एंगेज असायची. आपल्याकडेही १७४ फिरवून वेळ ऐकलेली पिढी आहे. पलीकडे बाई घड्याळ बघत बसल्यात, असं त्यातल्या कित्येकांना खरंच वाटायचं.

लंडनचं यंत्र २४ जुलै १९३६ ला सुरू झालं. आवाज एथेल केन या टेलिफोन ऑपरेटरचा. दर दहा सेकंदांनी वेळ सांगायची, म्हणजे बारा तासांत ४३२० वेगवेगळी वाक्यं! पण तासांचे १२ तुकडे, मिनिटांचे ६० आणि सेकंदांचे ६ एवढ्यात काम भागतं. शिवाय ‘तिसऱ्या ठोक्याला’ हे पालुपद, म्हणजे मागून येणारा तिसरा ठोका पडला की सांगितलेली वेळ झाली. लोकलमध्ये ‘पुढील स्टेशन’ला नाव जोडतात, तोच प्रकार. हे तुकडे काचेच्या चार चकत्यांवर, एकात एक वर्तुळांत, फोटोसारखे पट्टे करून उमटवलेले होते. चकती फिरताना दिव्याचा बारीक झोत त्या पट्ट्यातून आरपार जाई. आवाजानुसार पट्टा जसा बदले तसा पलीकडच्या फोटोसेलवर पडणारा प्रकाश कमी-जास्त होई, त्याबरहुकूम वीजप्रवाहही. तो वाढवून तारेत सोडला की ऐकणाऱ्याच्या कानात एथेलबाई! ग्रामोफोनसारखी सुई टेकतच नसल्यानं झीज नाही. ग्रीनिच वेधशाळेच्या वेळेच्या संकेताशी ताळा असल्यानं अचूकता सेकंदाच्या दहाव्या भागाची. (मुहूर्त गाठायला एवढी पुरे. मंगलाष्टकं लांबून मुहूर्त टळला तरी संसार होतातच, हा भाग वेगळा.)

मोबाइल आला आणि फ्रान्समधली ही सेवा गेली, हे खरंच. पण त्यात आणखी एक मेख आहे. मोबाइलवर आवाज तुकडे करून पाठवला जातो, त्यात शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. ठोका तेवढा उशिरा ऐकू येतो आणि संदेश एकतर्फी असल्यानं तो उशीर मोजताही येत नाही. डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये मांडलेली एनटीपी (नेटवर्क टाइम प्रोटोकॉल) ही नेटवर्कवरून संगणकांची घड्याळं जुळवायची पद्धत मात्र दुतर्फा चालते. प्रश्न निघाला, सर्व्हरला (वेळ सांगणाऱ्या संगणकाला) पोचला, उत्तर निघालं, परत आलं, अशा चार वेळा नोंदतात. पहिल्या दोन नोंदी आपल्या आणि सर्व्हरच्या घड्याळातला फरक अधिक जाण्याचा उशीर देतात. पुढच्या दोन तोच फरक वजा येण्याचा उशीर. दोन्हींची सरासरी घेतली की उशीर कटतो, फरक उरतो. अर्थात दोन्ही वाटांचा उशीर सारखा असेल तरच. नसेल, तर तफावतीच्या निम्मी चूक घड्याळात राहतेच.